हातउसने : कागदावाचूनचे देणे आणि कायदा

‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ अशी म्हण आपले वाडवडील मागे ठेवून गेले. पोते बाहेरून भरलेले दिसते. आत हात घालावा तर सव्वा हात मोकळेच. ही म्हण ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा आणि तरीही आयुष्यात कधी हातउसने दिले नाहीत वा घेतले नाहीत, असा तर त्याहून विरळा. वसतिगृहात महिनाअखेरीस खानावळीचे पैसे कमी पडतात, परीक्षा-शुल्काची शेवटची तारीख उद्यावर येते, गावाकडे कोणाच्या घरी आजारपण निघते, आणि मग एका हातातून दुसऱ्या हातात पैसे जातात. मध्ये कागद नसतो. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत असते.

या प्रकारच्या देण्याघेण्याविषयी आमच्या वसतिगृहात मी दोन मते वारंवार ऐकली आहेत. पहिले मत घेणाऱ्याच्या सोयीचे : “लिहून कुठे दिलंय? कोर्टात उभंसुद्धा राहणार नाही.” दुसरे देणाऱ्याच्या सोयीचे : “पैसे बुडवले तर पोलिसांत देईन, आत बसवीन.” ही दोन्ही मते चुकीची आहेत, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखाचा हा खटाटोप. मी कायद्याचा विद्यार्थी नव्हे. अर्थशास्त्र घेऊन तिसऱ्या वर्षात शिकतो आहे. परंतु हा विषय आमच्या घराच्या जिव्हाळ्याचा झाल्यामुळे मूळ कायदे वाचले, आणि जे कळेना ते दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्या दोन गृहस्थांना विचारून घेतले. त्यातून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो.

कागदाचा जुना इतिहास

कर्ज आणि त्याचा पुरावा हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन आहे. मनुस्मृतीत वादाचे जे अठरा विषय सांगितले आहेत त्यांत पहिला मान ‘ऋणादाना’चा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात पुराव्याचे तीन मानवी प्रकार येतात : लिखित, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षी. म्हणजे लेख हा पुराव्याचा एक प्रकार, एकमेव प्रकार नव्हे, हे आपल्या स्मृतिकारांनाही मान्य होते.

दुसऱ्या बाजूने, कागद असला म्हणजे न्याय मिळतोच असेही नाही. याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच घडले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते मिळवायचे आणि जाळायचे. कारण त्या रोख्यांवर अंगठा शेतकऱ्याचा असे, पण मजकूर सावकाराचा. १८५९ साली कर्जाच्या दाव्याला मुदत घालणारा कायदा आला तो कर्जदाराच्या सोयीसाठी. परंतु मुदत संपत आली की सावकार चढलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा खास कायदा झाला आणि शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद त्यात करण्यात आली. तात्पर्य, कागद हे शस्त्र आहे. ते कोणाच्या हातात आहे आणि त्यावर काय लिहिले आहे यावर सारे अवलंबून.

तोंडी शब्दाला किंमत आहे काय?

आहे, आणि पुरेपूर आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमानुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्तींनी स्वखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी व कायदेशीर हेतूने केलेला कोणताही ठराव हा करार होतो. तो लेखीच असला पाहिजे अशी अट, एखाद्या विशिष्ट कायद्याने घातली नसेल तर, नाही. पैसे उसने देण्याघेण्याला अशी अट नाही. म्हणून “दहा हजार दे, दोन महिन्यांत परत करतो” हे वाक्य आणि त्यानंतर हातात पडलेले दहा हजार एवढ्यावर करार पुरा झाला.

जामीनकीचेही तसेच आहे. मित्राच्या खोलीवर बसून “तू दे त्याला, नाही दिले तर मी आहे ना” असे आपण सहज म्हणून जातो. इंग्लंडात १६७७ च्या कायद्यापासून जामीनकी लेखी असावी लागते. आपल्या करार कायद्याच्या १२६ व्या कलमात मात्र हमी तोंडी किंवा लेखी असू शकते असे स्पष्ट शब्द आहेत, आणि १२८ व्या कलमान्वये जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘मी आहे ना’ या तीन शब्दांना एवढे वजन आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

याला दोन अपवाद आपल्या महाविद्यालयात विशेष लागू पडणारे आहेत. पहिला वयाचा. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलाशी केलेला करार मुळातच शून्य ठरतो, असा निर्णय कलकत्त्याच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील सतरा वर्षांच्या मुलाला मोबाइल घेण्यासाठी दिलेले पैसे कराराच्या आधारे वसूल करता येत नाहीत. अन्न, वस्त्र, शिक्षण अशा आवश्यक गोष्टी त्याला पुरविल्या असतील तर त्याच्या मालमत्तेतून, म्हणजे ती असेल तर, भरपाई मागता येते. दुसरा अपवाद पैजेचा. क्रिकेटच्या सामन्यावर लावलेल्या पैजेचे पैसे करार कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार न्यायालयात मागता येत नाहीत.

खरी अडचण : सिद्ध कसे करावे?

करार वैध आहे एवढ्याने पैसे मिळत नाहीत. जो म्हणतो त्याने सिद्ध करावे, हा पुराव्याचा मूळ नियम. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता आणि त्या कायद्याची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. धनको म्हणतो, “मी उसने दिले.” म्हणून पैसे दिले हेही त्यानेच सिद्ध करायचे आणि ते ‘उसने’ म्हणून दिले हेही त्यानेच.

या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आज यूपीआयने पैसे पाठविले की बँकेच्या खात्यात तशी नोंद राहते, आणि आपल्याला वाटते की पुरावा झाला. परंतु त्या नोंदीवरून एवढेच दिसते की अमक्या दिवशी अमकी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. समोरचा म्हणू शकतो, “ती भेट होती”, किंवा “माझेच आधीचे पैसे त्याने फेडले.” म्हणून पैसे पाठविताना टिप्पणीच्या जागी ‘हातउसने’ एवढा शब्द टाकला तरी पुढे तो मोलाचा ठरतो. नंतर “पुढच्या महिन्यात नक्की देतो” असा समोरच्याचा संदेश आला असेल तर त्याहून उत्तम. मोबाइलवरील संदेश पुराव्यात येऊ शकतात; त्यासोबत कायद्याने ठरविलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र मात्र द्यावे लागते. म्हणून असे संदेश पुसून टाकू नयेत आणि तो मोबाइल मोडीत काढू नये.

साक्षीदार किती हवेत? कायद्याने संख्या ठरविलेली नाही. विश्वसनीय असा एक साक्षीदारही पुरतो. दिवाणी दाव्यात फौजदारीसारखा निःसंशय पुरावा लागत नाही. दोन्ही बाजूंचे पारडे तोलून ज्याचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते त्याच्या बाजूने निकाल होतो.

आणखी एक गैरसमज आपल्या स्वतःच्या वहीविषयी आहे. “माझ्या डायरीत तारीखवार लिहिलेलं आहे,” असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात येते, पण केवळ त्या नोंदीवरून दुसऱ्यावर देणे लादता येत नाही, असे कायदाच सांगतो. जैन हवाला प्रकरण अनेकांना आठवत असेल. राजकारणातील मोठमोठ्या व्यक्तींची नावे असलेल्या डायऱ्या त्यात सापडल्या होत्या. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की सुटे कागद ही हिशेबवही नव्हे, आणि वहीतील नोंदीलाही स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा. देशाच्या राजकारणात खळबळ उडविणाऱ्या डायऱ्यांची जर ही गत, तर आपल्या वहीच्या शेवटच्या पानाची काय कथा!

कागद नसण्याचा तोटा एकट्या धनकोला होतो असे मात्र नाही. ऋणकोने पैसे घेतल्याचे कबूल केले आणि “मी ते फेडले” असे म्हटले, तर फेडल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. रोखीने फेडले, पावती घेतली नाही, तर एकच देणे दोनदा देण्याची पाळी येऊ शकते. लेखी पुराव्याची गरज घेणाऱ्यालाही तितकीच आहे, ती अशी.

तीन वर्षांची मुदत

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार उसन्या दिलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो. ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. “मागशील तेव्हा देईन” असे ठरले असले तरी मुदत मागितल्या दिवसापासून सुरू होत नाही, दिल्या दिवसापासूनच सुरू होते. मुदत उलटली की प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने दावा काढून टाकला पाहिजे, असे त्या कायद्याचे तिसरे कलम सांगते.

हे कलम माणसांच्या आयुष्यात कसे उतरते ते मी जवळून पाहिले आहे. माझे वडील शाळेत शिक्षक. मे २०१३ मध्ये त्यांच्या बालमित्राने विहिरीत आडवे बोअर घेण्यासाठी ८० हजार रुपये मागितले. वडिलांनी बँकेतून काढून रोख दिले आणि “जमेल तसे दे” म्हणाले. कागद झाला नाही. त्या दोघांत तो होण्यासारखाही नव्हता. २०१४ च्या दिवाळीत मित्राने दहा हजार आणून दिले आणि वडिलांनी आपल्या वहीत तशी नोंद केली. त्यानंतर दोन वर्षे पाऊस नीट झाला नाही, आणि वडिलांनी विषय काढला नाही. २०१७ मध्ये माझ्या बहिणीच्या परिचर्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पैशांची निकड लागली तेव्हा त्यांनी मागितले. मित्र म्हणाला, “देणं आहे, नाही म्हणत नाही, पण आत्ता नाही.” मित्राचा मुलगा मात्र म्हणाला, “कागद दाखवा.”

वडील वकिलाकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो पैसे कधी दिले हा. मे २०१३ ला तीन वर्षे मिळविली की मे २०१६ येतो. मुदत संपून वर्ष उलटले होते. वडील म्हणाले, “मध्ये दहा हजार आले ना?” यावर कायद्याचे उत्तर असे : मुदतीत काही रक्कम फेडली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात हे खरे, पण ती फेड केल्याची नोंद फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीनिशी असली पाहिजे. वडिलांच्या वहीत ती वडिलांच्या अक्षरात होती. तेच दहा हजार मित्राने धनादेशाने दिले असते तर धनादेशावर त्याची सही असतीच, आणि दिवाळी २०१७ पर्यंत दावा जिवंत राहिला असता.

याच धर्तीचा दुसरा मार्ग म्हणजे देण्याची कबुली. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने “तुमचे अमुक देणे माझ्याकडे आहे” असे लिहून सही केली, तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. तोंडी कबुली, मग ती चारचौघांत का दिलेली असेना, यासाठी चालत नाही. एकदा मुदत उलटल्यावर साधी कबुलीही उपयोगाची नाही. तेव्हा करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे ते जुने देणे फेडण्याचे स्पष्ट, लेखी व सहीचे वचन लागते. असे वचन मिळाले तर तो नवा करार होतो.

येथे एक बारीक पण मोलाचा भेद आहे. मुदत संपल्याने दावा मरतो, देणे मरत नाही. मुदतबाह्य देणे कोणी आपणहून फेडले तर ती फेड खरीच. “मुदत गेली होती, पैसे परत द्या” असे त्याला नंतर म्हणता येत नाही. कायदा एवढेच म्हणतो की यापुढे न्यायालय मध्ये पडणार नाही. उरते ते दोन माणसांच्या मनात. वडिलांनी ते वचन लिहून मागितले नाही आणि मित्राने आपणहून दिले नाही. बहिणीचा प्रवेश पतपेढीच्या कर्जावर झाला. दोन्ही घरांचे ओटे समोरासमोर आहेत, पण पूर्वीचे जाणेयेणे राहिलेले नाही. सत्तर हजारांपेक्षा मोठे नुकसान कोणते झाले, असे मला कोणी विचारले तर मी या ओट्यांकडे बोट दाखवीन.

व्याज

ठरलेले नसेल तर मित्राकडून व्याज मागता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतांशी बरोबर, पण पूर्ण नव्हे. १९७८ च्या व्याजविषयक कायद्यानुसार धनकोने लेखी नोटीस देऊन “या तारखेपासून व्याज मागेन” असे कळविले, तर न्यायालय त्या नोटिशीच्या तारखेपासून वाजवी व्याज देऊ शकते. दावा चालू असतानाचे व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेखाली मिळू शकते आणि निकालानंतरचे, व्यापारी व्यवहार नसेल तर, द.सा.द.शे. ६ पेक्षा जास्त नसते. म्हणून नोटीस ही केवळ धमकी नव्हे. तिला कायद्यात जागा आहे.

पोलीस, तुरुंग आणि जप्ती

आता ‘आत बसवीन’ या धमकीविषयी. उसने घेतलेले पैसे परत न करणे हा एवढ्यावरून गुन्हा होत नाही. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी घेतानाच न देण्याची लबाडी मनात होती, हे दाखवावे लागते. पुढे परिस्थिती पालटली आणि देणे जमले नाही तर तो दिवाणी प्रश्न. पोलीस ठाण्याचा वसुलीशी संबंध नाही.

एका प्रसंगी मात्र फौजदारी येते, ती धनादेशामुळे. देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश पैसे अपुरे म्हणून परत आला, तर १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याचे १३८ वे कलम लागते. हे कलम १९८९ पासून अमलात आहे. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय धनादेश देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर. कोरा धनादेश सही करून दिला तरी हे गृहीत सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा ‘नुसता ठेवायला’ म्हणून कोणालाही कोरा धनादेश देऊ नये.

दिवाणी दावा जिंकला की हुकूमनामा मिळतो आणि त्याच्या बजावणीसाठी बारा वर्षांच्या आत दरखास्त करता येते. लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असती तर दाव्याची जलद पद्धत उपलब्ध झाली असती. तोंडी कर्जाला ती नाही, साध्या दाव्याच्या लांबच्या वाटेनेच जावे लागते. बजावणीत मालमत्तेची जप्ती होते, पण तिलाही माणुसकीची कुंपणे आहेत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व त्याचे राहते घर, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, यांना हात लावता येत नाही. पगारातून पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग वगळून बाकीच जप्त होतो.

दिवाणी कैद अजूनही कायद्यात आहे : ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत. पैशाच्या हुकूमनाम्याखाली स्त्रीला अटक करता येत नाही. आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका गाजलेल्या निकालात स्पष्ट केले की केवळ देणे थकले म्हणून कैद करता येणार नाही. ऐपत असून लबाडीने देत नाही, हे दिसले पाहिजे. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, हे त्या निकालाचे सार.

सावकार आणि रोखीची मर्यादा

मित्राने एकदा दिलेले हातउसने आणि सावकारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंदा म्हणून व्याजाने पैसे देणाऱ्याला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना नसताना दिलेल्या कर्जाचा हुकूमनामा न्यायालय देत नाही, उलट त्या सावकारालाच पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलापेक्षा अधिक व्याज त्याला वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियम तो हाच. कर्जदाराला धमकावणे, त्याच्या मागे मागे फिरणे, घराभोवती घुटमळणे हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. गावोगावी शेकडा पाच-दहा रुपये महिना व्याजाने पैसे फिरत असताना ही माहिती शेतकऱ्यांच्या मुलांनी घरी सांगण्यासारखी आहे.

रोखीबाबत आयकर कायद्याचे बंधन आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेता येत नाही. घेतल्यास घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून कोणाचेच करपात्र नसेल तर ही अट लागत नाही. पण रोखीने दिले म्हणून देणे बुडाले, असे मात्र होत नाही. गोव्यातून वर गेलेल्या धनादेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये हाच खुलासा केला : दंड होवो, देणे वसुलीयोग्यच राहते.

माणूस गेल्यावर

हातउसन्याची सर्वांत अवघड वेळ मृत्यूनंतर येते. तेराव्याच्या सुमारास कोणी दारात येतो आणि म्हणतो, “तुमच्या वडिलांनी माझे पन्नास हजार घेतले होते.” वारसांना काहीच ठाऊक नसते. खरे असेल तर वडिलांच्या नावाला बट्टा, खोटे असेल तर लूट. कायदा असे सांगतो की मृताकडून वारसाला जी मालमत्ता मिळाली असेल तिच्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतःच्या कमाईतून द्यावे लागत नाही. बापाचे ऋण फेडणे हे हिंदू पुत्राचे धर्मकर्तव्य म्हणून त्यावर दावा चालविण्याची जी जुनी रीत होती, ती ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती कायद्याने बंद झाली. शिवाय येणाऱ्याला आपले म्हणणे सिद्ध करावे लागेलच. एक चार ओळींची चिठ्ठी असती तर दोन्ही घरे या परीक्षेतून सुटली असती.

मग करावे काय?

उत्तर साधे आहे. कोऱ्या कागदावर एवढे लिहावे : “मी (नाव) आज दिनांक (तारीख) रोजी (नाव) यांजकडून रुपये (आकडी व अक्षरी) हातउसने घेतले. व्याज ठरलेले नाही.” खाली घेणाऱ्याची सही, शक्य तर एका साक्षीदाराची. रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असेल तर पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे. ही झाली साधी पोच. यात परतफेडीच्या वचनाची भाषा आली की ती वचनचिठ्ठी ठरू शकते, आणि योग्य मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी न्यायालय पुराव्यात घेत नाही. म्हणून मोठ्या रकमेचा मजकूर वकिलाकडून करून घ्यावा. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी, बँकेतूनच परत घ्यावी. परतफेड झाली की चिठ्ठी फाडून न टाकता तिच्यावर “सर्व रक्कम पोचली” असे लिहून, सही करून ती ऋणकोच्या हाती द्यावी. आणि अडीच वर्षे झाली तरी काही बाकी असेल, तर बाकीची एक नवी कबुली सहीनिशी घ्यावी.

वाद झालाच तर थेट दाव्यापूर्वी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची किंमत असते आणि तिच्यावर अपील नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आपल्या वर्गात व्यवहाराचे एवढे शिक्षण कोठेच मिळत नाही. मागणीचा नियम आम्ही पाठ करतो, पण मित्राकडे पैसे मागावे कसे हे कोणी शिकवीत नाही. लिहून मागितले म्हणजे विश्वास नाही, या समजुतीतच सारा घोळ आहे. माणूस खोटे बोलेल म्हणून चिठ्ठी लिहायची नसते. माणूस विसरतो, अडचणीत येतो, एक दिवस जातो, आणि मागे राहिलेल्यांना त्या दोघांत काय ठरले होते हे ठाऊक नसते. घेणाऱ्यानेच पुढे होऊन “थांब, आधी दोन ओळी लिहून देतो” असे म्हणण्याची रीत आपल्या पिढीने पाडली, तर देणाऱ्याला मागण्याचा संकोच उरणार नाही आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहील. कागदाचा एक चतकोर आणि दोन सह्या, एवढीच या रीतीची किंमत आहे.